इंजिन एकच, गाड्या वेगळ्या

२४ नोव्हेंबर २०२३ रोजी गोव्यात वागातोरला भरलेल्या मोटोव्हर्स मेळाव्यात रॉयल एनफिल्डने नव्या हिमालयन ४५०च्या किमती जाहीर केल्या. बेस, पास आणि समिट असे तीन व्हेरियंट, किमती २ लाख ६९ हजारांपासून २ लाख ८४ हजारांपर्यंत. ‘बेस घ्यावी की समिट?’ हा प्रश्न तेव्हापासून गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. खरं तर त्या दिवशी याचं उत्तर फार सोपं होतं. तिन्हींत फरक होता तो रंगाचा. काझा ब्राउन स्वस्त, हानले ब्लॅक महाग, एवढंच. इंजिन ४५२ सीसीचं, ताकद ४० पीएस, टाकी १७ लिटरची, पुढचं चाक २१ इंची, सस्पेन्शन तेच, ब्रेक तेच. पंधरा हजार रुपये रंगाचे होते.

पुढच्या जुलैमध्ये त्याच कंपनीने तेच ४५२ सीसीचं इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसवलं आणि त्याला गुरिल्ला ४५० असं नाव दिलं. ताकदीचा आकडा तोच राहिला. पण टाकी ११ लिटरवर आली, सीट जमिनीपासून ७८० मिलिमीटरवर आणि दोन्ही चाकं १७ इंची झाली. वजनही दहा-अकरा किलोंनी घटलं. ही गाडी शहरात आणि घाटात सुरेख वळते. स्पितीच्या दगडगोट्यांत मात्र ती हिमालयनची जागा घेऊ शकत नाही.

लांब प्रवासाची गाडी निवडताना हे दोन प्रकारचे फरक वेगळे ओळखता आले पाहिजेत, असं मला फार वाटतं. काही गोष्टी नंतर कधीही बसवता येतात: क्रॅश गार्ड, हँड गार्ड, पॅनियरची फ्रेम, जाड काच, फॉग लाइट. काही गोष्टी गाडीच्या हाडात असतात. चाकाचा आकार, टाकी, सस्पेन्शनची उंची आणि एबीएसमागचे सेन्सर या गोष्टी नंतर बदलायच्या म्हटल्या तर एक तर जमत नाही किंवा खर्च डोळे पांढरे करतो. शोरूममध्ये मात्र बोलणं पहिल्या प्रकाराबद्दलच जास्त होतं, कारण समोर दिसतं ते तेच.

चाकापासूनच सुरुवात करू. हिमालयनच्या पुढच्या टायरचं माप ९०/९०-२१ आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर टायरसह पूर्ण चाक साधारण ६९५ मिलिमीटर उंच भरतं. गुरिल्लाचं १२०/७०-१७ माप धरलं तर पुढचं चाक जेमतेम ६०० मिलिमीटरचं होतं. म्हणजे जवळपास दहा सेंटिमीटरचा फरक. बैलगाडीचं मोठं चाक ज्या चाकोरीवरून सहज निघून जातं तिथे हातगाडीचं चाक अडकतं, तोच न्याय इथे लागतो. खड्ड्याच्या काठाला मोठं चाक कमी कोनात भिडतं, त्यामुळे ते धडकण्याऐवजी चढून जातं. २१ इंची टायर अरुंद असल्याने मऊ वाळूत आणि चिखलात रुतून वाट कापतो.

याची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते. मोठं चाक फिरत असताना त्याची दिशा बदलायला जास्त जोर लागतो. वरंध घाटात एकामागून एक वळणं येतात तेव्हा २१ इंची गाडी जरा सावकाश कलते, आणि अरुंद टायरमुळे रस्त्यावरची पकडही थोडी कमी असते. जोरात ब्रेक मारल्यावर हे जाणवतं. १७ इंची चाक नुसत्या मनात आलं तरी वळतं, पण मुंबई-गोवा महामार्गाच्या उखडलेल्या पट्ट्यात मनगटांना त्याची आठवण राहते. १९ इंची चाक या दोन्हींच्या मधलं आहे, आणि महाराष्ट्रात राहून वर्षातून एखादी मोठी सफर करणाऱ्या बहुतेकांसाठी तेच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. आपला ऐंशी-नव्वद टक्के प्रवास डांबरावर होतो, मग तो रस्ता कितीही वाईट असो.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. रॉयल एनफिल्डने मार्च २०२२ मध्ये जुन्या हिमालयनच्या ४११ सीसी इंजिनावर स्क्रॅम ४११ काढली. तिचा मुख्य बदल पुढचं १९ इंची चाक हाच होता. केटीएमच्या ३९० गाड्या तर पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या ३९० अॅडव्हेंचरची दोन रूपं आहेत: एकात २१ इंची स्पोकचं चाक आणि जुळवून घेता येणारं सस्पेन्शन, तर ‘एक्स’ या दुसऱ्या रूपात १९ इंची अलॉय चाक आणि साधं सस्पेन्शन. इंजिन दोन्हींत तेच, ३९९ सीसीचं. सुरुवातीच्या किमतींत फरक होता सुमारे ७७ हजारांचा. पुण्याहून तारकर्लीला, हंपीला, फार तर राजस्थानला जाणाऱ्याने तो फरक खिशात ठेवून पेट्रोलला वापरावा. होंडाने आफ्रिका ट्विनचं जे अॅडव्हेंचर स्पोर्ट्स रूप लांब पल्ल्यासाठी मोठ्या टाकीचं बनवलं, त्यालाही २०२४ साली २१ऐवजी १९ इंची चाक दिलं.

आता पंक्चर. हा भाग लोक हसण्यावारी नेतात, पण मला तो इंजिनापेक्षा महत्त्वाचा वाटतो. साध्या स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोक रिमच्या पोटातून आरपार जातो. तेवढ्या भोकांतून हवा निसटणार म्हणून आत ट्यूब घालावीच लागते. ट्यूबमध्ये खिळा शिरला की ती फाटते आणि हवा झपाट्याने जाते. ते पुढच्या चाकात आणि वेगात झालं तर गाडी सावरणं कठीण. शिवाय दुरुस्तीसाठी चाक काढा, पट्ट्यांनी टायर रिमवरून उतरवा, ट्यूबला ठिगळ लावा, पुन्हा बसवताना ट्यूब चिमटणार नाही हे बघा. सातारा रस्त्यावर ठरावीक अंतराने पंक्चरवाला भेटतो, तिथे याची फिकीर नाही. मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे पांगपर्यंतच्या वाटेवर मात्र हे सगळं तुम्हालाच करायचं असतं, साडेचार हजार मीटर उंचीवर, दम लागत असताना.

ट्यूबलेसमध्ये खिळा तसाच रुतून राहतो आणि हवा हळूहळू उतरते. थांबायला वेळ मिळतो. चाक न काढता खिळा उपटायचा, भोकात रबराची चिकट पट्टी ठासायची, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा भरायची, पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू. पण ट्यूबलेस म्हटलं की सहसा अलॉय चाक येतं, आणि ओतीव अलॉय चाक दगडावर जोरात आपटलं तर काठाला चीर जाऊ शकते. तशी चीर रस्त्यात दुरुस्त होत नाही. स्पोकचं चाक लवचिक असतं. वाकडं झालं तरी जुना सायकलवालाही ते ओढूनताणून चालतं करून देतो.

या दोन्हींमधून निघणारी वाट म्हणजे ट्यूबलेस स्पोक. स्पोक रिमच्या पोटातून न नेता तिच्या बाहेरच्या काठाला अडकवायचे, म्हणजे हवेच्या पोकळीत एकही भोक उरत नाही. बीएमडब्ल्यूने १९८७च्या सुमारास आपल्या आर १०० जीएसला अशी चाकं दिली होती. हिमालयन ४५० आली तेव्हा परदेशात अशी चाकं मिळत होती, भारतात प्रमाणपत्र बाकी होतं; २०२४ मध्ये ती इथेही जादा पैसे घेऊन मिळू लागली. आज हिमालयन घेणाऱ्याने रंगासाठी पंधरा हजार देण्यापेक्षा या चाकांसाठी पैसे द्यावेत. एका गाडीच्या दोन रूपांत पैशाचं खरं मोल कुठे आहे हे इतकं स्पष्टपणे क्वचितच दिसतं. रॉयल एनफिल्डच्याच स्क्रॅम ४४०मध्येही हीच निवड आहे: ट्रेल व्हेरियंटला ट्यूबची स्पोक चाकं, फोर्सला ट्यूबलेस अलॉय.

सीटच्या उंचीबद्दल मराठी घरांत फार कमी बोललं जातं, कारण ‘पाय टेकत नाहीत’ म्हणायची लाज वाटते. ती मुळीच वाटू नये. हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीचं उदाहरण घ्या. साध्या रूपात सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. २०२३ साली आलेल्या प्रो रूपात पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास १९०वरून २५० मिलिमीटरवर गेला, मागचा १७०वरून २२०वर, आणि सीट पोचली ८९१ मिलिमीटरवर. साडेसहा सेंटिमीटर! उड्या मारणाऱ्याला प्रो हवीच. पण मागे तंबू बांधून, उतारावर, कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवावी लागली की दरीच्या बाजूचा पाय सपाटीपेक्षा आणखी खाली टेकवावा लागतो. तिथे गाडी कलली की ती सावरणं कोणाच्याही हातात राहत नाही. गाडी चालताना पडत नाही, थांबताना पडते.

म्हणून शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून पाय टेकतात का हे पाहणं पुरेसं नाही. प्रवासात जे बूट घालणार ते घालून जा. मागच्या सीटवर नेहमीच्या सोबत्याला बसवा, कारण वजनाने सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली येते. मग गाडी शोरूमबाहेरच्या उतारावर आडवी उभी करून एका पायावर तोलून बघा. हिमालयन ४५०ची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसवता येते आणि कमी उंचीची वेगळी सीटही मिळते. ही सोय नंतरची आहे, गाडीच्या मूळ रचनेला तिने धक्का लागत नाही. मात्र मागच्या सस्पेन्शनच्या पट्ट्या बदलून गाडी ‘खाली करून’ घेऊ नका. त्याने जमिनीपासूनची उंची घटते, इंजिनाखालची बॅश प्लेट दगडांना लागू लागते आणि वळताना गाडीचा स्वभावच बदलतो. उंची झेपत नसेल तर दुसरा व्हेरियंट घ्यावा, हे बरं.

टाकीचा हिशेब मनालीहून लेहला निघालेल्या प्रत्येकाला करावा लागतो. चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळ टांडीला जो पेट्रोल पंप आहे, तिथली पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी पाटी कित्येकांच्या फोटोंत आहे. लेहच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर कारूला पंप आहे, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर तरी धरायलाच हवेत. सपाटीवर लिटरला ३० किलोमीटरचं अॅव्हरेज देणारी गाडी चढावर, खालच्या गिअरमध्ये, सामानासह २५वर आली असं समजू. १७ लिटरची टाकी ४२५ किलोमीटर नेते. केटीएमची साडेचौदा लिटरची ३६२. गुरिल्लाची ११ लिटरची २७५वर संपते, मग कॅन बांधणं आलं. पण हेही तितकंच खरं की महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकात पन्नास किलोमीटर पेट्रोल नाही असं सहसा होत नाही. मोठी टाकी म्हणजे उंचावर वाहिलेलं वजन. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएसमध्ये २० लिटर मावतात आणि वजन २४९ किलो; अॅडव्हेंचर रूपात ३० लिटर आणि २६८ किलो. पार्किंगमध्ये ती एकोणीस किलोंची भर रोज ढकलावी लागते, तेव्हा तीस लिटरची गरज खरोखर वर्षातून किती वेळा पडते ते स्वतःला विचारा.

ताकदीच्या आकड्यावर आपण जीव टाकतो, पण एकाच गाडीच्या व्हेरियंटमध्ये तो बहुधा सारखाच असतो, आणि उंचीवर तर तो फारसा उरतही नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. फ्युएल इंजेक्शन त्यानुसार पेट्रोल कमी सोडतं, इंजिन नीट चालतं, पण नसलेली हवा ते आणणार कुठून? ४० पीएसची गाडी तिथे विशीत पोचते. जुनी ४११ सीसी हिमालयन मुळातच चोविशीतली, तिथे जेमतेम बारा-तेरा उरतात. तरी अशा कित्येक गाड्या तो माथा ओलांडून गेल्या आहेत, कारण तिथे कामाला येतो तो कमी आरपीएमवर मिळणारा जोर, छोटा पहिला गिअर आणि चालवणाऱ्याचा धीर.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे कॉर्नरिंग एबीएस. साधं एबीएस चाक अडकू देत नाही, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते कायद्यानेच सक्तीचं आहे. पण गाडी वळणात कललेली असताना घाबरून ब्रेक दाबला तर टायरची बरीचशी पकड आधीच वळण्यात खर्ची पडलेली असते. कॉर्नरिंग एबीएसला गाडीचा कल मोजणारा सेन्सर जोडलेला असतो. गाडी जितकी कलली तितका हे एबीएस ब्रेकचा दाब हळू चढवतं. जुलैमधल्या आंबोली घाटात, समोरून ट्रक आपल्या बाजूला आलेला असताना, याची किंमत कळते. केटीएमच्या ३९० अॅडव्हेंचर एक्समध्ये सुरुवातीला हे नव्हतं. काही महिन्यांतच क्रूझ कंट्रोलसोबत ते दिलं गेलं, किमतीत दहा-बारा हजारांची वाढ झाली, आणि माझ्या मते तेच या वर्गातलं सर्वांत शहाणपणाचं रूप ठरलं. जुना स्टॉक स्वस्तात मिळत असेल तर गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा, नुसत्या नावावर जाऊ नका.

जोडीने फिरणाऱ्यांसाठी सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, कसा वाढवता येतो हे पाहणं गरजेचं आहे. दोन माणसं आणि सामान चढलं की मागचा भाग बसतो, हेडलाइट आभाळाकडे पाहू लागतो आणि पुढचं चाक हलकं होतं. कंपनीच्या पुस्तिकेत गाडीचं जास्तीत जास्त भारासह वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला काय येतं ते कळतं. धातूचे पॅनियर आणि त्यांची फ्रेम रिकामीच बरीच जड असते आणि हा वाटा भराभर खाते. कापडी सॅडलबॅग दिसायला साध्या, पण घाटात त्यांचं वजन जाणवत नाही आणि पडल्यावर पाय त्यांच्याखाली चेंगरत नाही.

फॅक्टरीतूनच अॅक्सेसरीज बसवलेली ‘एडिशन’ घेताना त्या वस्तूंवरही गाडीचा कर लागतो हे लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, आणि राज्याचा रस्ता कर त्या किमतीवर. बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही.

बजेट दीड-दोन लाखांच्या आत असेल तर जुनी हिमालयन ४११ विकत घेणं हा उत्तम पर्याय आहे. तिथे व्हेरियंट म्हणजे वर्ष. २०१६च्या पहिल्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. उंचीवर हवा विरळ होते तसं त्याचं मिश्रण आपोआप जुळत नाही, गाडी धुरकटते. २०१७मध्ये बीएस-४सोबत फ्युएल इंजेक्शन आलं, पुढच्या वर्षी एबीएस. २०२०च्या बीएस-६ गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय आली. सुट्ट्या खडीच्या उतारावर एबीएस सतत ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. मागचं चाक थोडं अडकू दिलं तर ते खडी ओढत, ढीग करत वेग मारतं. कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर २०२०नंतरचीच गाडी शोधा, मग तिच्यावर चार ओरखडे जास्त असले तरी चालतील.